पट्टी बांधून पास झाले त्याची हकीकत

वृंदावन योजना, लखनौ
बुधवार, १९ नोव्हेंबर, दुपार (घरात कुणी नाही)

ती. वन्संना लखनौहून माणिकचा वाकून नमस्कार. (वाकलं की हल्ली डोकं गरगरतं, म्हणून अर्धीच वाकलेय, उरलेला नमस्कार तुम्ही समजून घ्या.) तुमचा गुडघा, तुमची साखर आणि तुमची जीभ, तिन्ही कशी आहेत ते कळवा. पहिल्या दोन्हींची काळजी वाटते, तिसरी ठणठणीत असणार. कोरेगावात थंडी पडली का? इकडे सकाळी धुकं पडायला लागलंय आणि दूधवाला भैया सातच्या जागी आठला येतो, विचारलं तर म्हणतो रस्ता दिसत नाही. मी त्याला काही बोलत नाही. पूर्वी बोलले असते.

नयना, पत्र तू वाचणार, म्हणून तुला आधीच सांगते. मोठ्यानं वाच, सावकाश वाच आणि कंसातलंसुद्धा वाच. मागच्या पत्रात तुझ्या आमटीबद्दल चार ओळी होत्या त्या तू गाळल्यास. मला कसं कळलं? वन्संच्या उत्तरात आमटीचा उल्लेखच नव्हता, आणि आमटीचा विषय निघाल्यावर गप्प बसतील त्या वन्सं नव्हेत. एवढी सासूची सेवा करतेस, तर अर्धी सेवा करू नकोस. आणि आता दार लोटून घे, कारण पुढचं शेजारच्यांनी ऐकायचं नाही.

(फोन का केला नाही, असं तुम्ही विचारणारच. आमच्या घरात फोन आला की सुधीर तो टेबलावर ठेवून सगळ्यांना ऐकवतो. बँकेत दिवसभर लोकांची गुपितं सांभाळतो, घरी आला की एकही सांभाळत नाही. नातीनं, पूर्वानं, मला फोनवर बोलून निरोप पाठवायला शिकवलं होतं. आमच्या सूनबाईच्या, गीताच्या, वांग्याच्या भाजीबद्दल तुम्हाला चार शब्द पाठवायला गेले, ते सोसायटीतल्या दोनशे माणसांना गेले. सगळी हिंदी माणसं, कुणाला काही कळलं नाही. गीताला कळलं. तेव्हापासून मी कागदच बरा मानते.)

तर कारण सांगते. वन्सं, मला भीती वाटतेय. हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा लिहितेय, त्यामुळे ते कसं पुढे न्यायचं ते मला ठाऊक नाही. तुमचे भाऊ सीमेवर होते तेव्हा छावणीतल्या त्या पत्र्याच्या क्वार्टरमध्ये मी दोन वर्षं लहानग्या सुधीरला घेऊन एकटी राहिले, उशाला विळा ठेवून झोपले आणि घोरलेसुद्धा. ते गेले तेव्हाही घाबरले नाही, चिडले. पण आता घाबरलेय. डोळे चाललेत माझे. तुमच्यासारखाच काचबिंदू. इकडे त्याला काला मोतिया म्हणतात, नाव ऐकून वाटतं कुणी अंगठीत बसवून दिलाय. घरात कुणालाही माहीत नाही. न सुधीरला, न गीताला, न पूर्वाला.

समोरचं दिसतं मला. हे पत्र मी लिहितेय ना, ओळ दिसते. पण बाजूचं गेलं. इकडे टांग्याच्या घोड्याला झापडं लावतात, तशी दोन्ही बाजूंनी झापडं, आणि ती झापडं दर महिन्याला कुणीतरी बोटभर आत सरकवतंय. सुरुवातीला मी दाराला धडकायचे आणि दाराला शिव्या द्यायचे. मग गीताच्या आईला चहा देताना अर्धा कप त्यांच्या मांडीवर ओतला. घरात सगळ्यांना वाटलं मुद्दाम ओतला. मी तसंच वाटू दिलं, वन्सं. आंधळी म्हणण्यापेक्षा खाष्ट म्हटलेलं बरं. खाष्ट बाईला निदान लोक वाट सोडून उभे राहतात.

ऑगस्टात एका मंगळवारी मी गीताला म्हटलं, मराठी बायकांचं भजन सुरू झालंय, मी जाते, आणि ई-रिक्षात बसून एका सरकारी दवाखान्यात गेले. (कोणता ते लिहीत नाही, मला तिथंच पुन्हा जायचंय.) तेव्हापासून दर मंगळवारी मी भजनाला जाते. मागच्या मंगळवारी गीता म्हणाली, आज कोणतं भजन झालं, म्हणून दाखवा की. आता आली का पंचाईत. लहानपणी आमच्या गावातल्या भोंडल्याचं गाणं जरा रडक्या चालीत म्हटलं. ती म्हणाली, छान आहे. आणखी सहा मंगळवार निघाले तर मला नवीन देव शोधावा लागेल.

आता त्या इमारतीचं ऐका. दुमजली, नवीकोरी, बाहेर मोठ्ठी पाटी: ही इमारत दिव्यांगांसाठी सुगम्य आहे. खाली दातांचा दवाखाना आणि वर डोळ्यांचा. कुणी ठरवलं देव जाणे. दात दुखणारा माणूस पायांनी धड असतो, त्याला तळमजला. ज्याला पायरी दिसत नाही त्याला बावीस पायऱ्या. लिफ्ट आहे, पण तिचं उद्घाटन व्हायचंय. दारावर लाल फीत बांधून ठेवलीय, ती आता गुलाबी झालीय. चाकाच्या खुर्चीसाठी उतार केलाय तो आपल्या गिरणीतल्या दळणाच्या घसरगुंडीसारखा, वरून सोडलं की माणूस थेट रस्त्यावरच्या समोशाच्या कढईत. आंधळ्यांसाठी ठिपक्यांची पाटी लावलीय, ती छताजवळ. शिडी लावून वर चढायचं आणि चाचपून वाचायचं की शिडीवर चढू नका. दिव्यांगांची मोरी आहे, तिची किल्ली वरच्या कचेरीतल्या कारकून सुबोधबाबूंकडे, आणि सुबोधबाबू एक ते तीन जेवायला.

पण या सगळ्यावर तिथं एकच औषध. दाराशी संग्राम सिंह म्हणून पहारेकरी आहे, मिश्या आहेत, मन चांगलं आहे. कुणीही लंगडं, लुळं, म्हातारं आलं की तो म्हणतो, उठा लेंगे. उतार चढत नाही? उठा लेंगे. लिफ्ट बंद? उठा लेंगे. आणि खरंच उचलतात हो, चौघे जण, दोन चहावाले, एक रिक्षावाला आणि स्वतः संग्राम सिंह. मी माझ्या डोळ्यांनी (जेवढे आहेत तेवढ्यांनी) पाहिलं, एका धडधाकट तोंडाच्या, नुसत्या पायांनी अधू माणसाला खुर्चीसकट उचलून नेत होते. तो बिचारा छताकडे बघत होता आणि येणारे-जाणारे बाजूला होऊन उभे राहत होते. एका बाईनं तर सवयीनं हातच जोडले. मला घाम फुटला. चौघांनी उचलायची वेळ प्रत्येकावर येते, पण त्या वेळी आपण छताकडे बघत नसतो, एवढी तरी सोय देवानं ठेवलीय. मी ठरवलं, मला कुणी उचलायचं नाही. म्हणून मी मोजायला लागले.

गेटापासून दारापर्यंत चाळीस पावलं. दारापासून खांबापर्यंत एकतीस. खांबाला डावा हात लावायचा, मग चौदा, आणि मग तीन पायऱ्या खाली. या तीन पायऱ्या लक्षात ठेवा. मध्येच आहेत, कारण नसताना आहेत, फरशीच्याच रंगाच्या आहेत आणि धरायला कठडा नाही. दिसणाऱ्या माणसालाही तिथं धक्का बसतो. त्या उतरल्या की नऊ पावलं आणि जिना. जमिनीवर पिवळ्या दाण्यांच्या फरश्यांची एक पट्टी केलीय आंधळ्यांसाठी, ती बरोबर त्या तीन पायऱ्यांपर्यंत नेते आणि तिथं सोडून देते. तीन महिन्यांत मी तो रस्ता असा पाठ केला, जसा तिसरीच्या मास्तरांनी पाढा पाठ करून घेतला होता. (तेवढीच माझी शाळा. पण मोजता येतं मला.)

आता पूर्वा. माझी नात, इमारती बांधायचं शिकते ते तुम्हाला माहीत आहे. तिला कॉलेजातून काम मिळालं: एखादी सार्वजनिक इमारत घ्यायची आणि म्हाताऱ्या, आंधळ्या, अधू माणसांना ती वापरता येते का ते तपासून अहवाल द्यायचा. तपासायला एक म्हातारं माणूस पाहिजे, त्याच्या डोळ्यांना पट्टी बांधून त्याला चालवायचं आणि व्हिडिओ काढायचा. घरात म्हातारं माणूस फुकटात होतं. मी मराठीत नाही म्हटलं, ती हिंदीत गळ्यात पडली. आपको बस चलना है, आजी. मी सुटायची वाट शोधायला लागले. कारण ती मला कुठल्यातरी नव्या इमारतीत नेणार, पट्टी बांधणार, सोडणार, मी दहा पावलांत आडवी होणार. आणि पट्टी काढल्यावरही मी तशीच चाचपडतेय हे त्या कॅमेऱ्यात येणार. पोरगी हुशार आहे, तिला लगेच कळलं असतं.

म्हणून मी शहाणपणा केला. म्हटलं, बाई, तपासायचंय तर ती अमुक इमारत तपास, पाटी लावलीय म्हणे मोठी, मी रिक्षातून जाताना पाहिलीय.

गेल्या गुरुवारी गेलो. पूर्वा, तिच्या मैत्रिणी, तिचे सर आणि सुबोधबाबू. बाबूंनी आधी चहा पाजला, बिस्किटं दिली, आपने क्यों ज़हमत की वगैरे. लखनौ आहे, इथं माणूस नाहीसुद्धा इतक्या अदबीनं म्हणतो की घरी आल्यावर कळतं. मग पूर्वानं तिच्या काळ्या ओढणीची पट्टी बांधली.

वन्सं, इथं नयनाला थांबायला सांगा आणि जरा पाणी प्या. पट्टी बांधली, अंधार झाला, आणि मला वाटलं होतं तेवढा फरक पडला नाही. बाजूचं तर आधीच नव्हतं, फक्त मधलं एक भोक होतं ते बुजलं, ताटावर झाकण ठेवावं तसं. मी तिथं उभी राहिले आणि मला कळलं की पुढं हेच आहे, कायमचं, आणि ते काही फार दूर नाही. मी पाऊलच उचललं नाही. मैत्रिणी म्हणाल्या, दादी डर गईं. पूर्वा म्हणाली, मेरी आजी किसी से नहीं डरतीं. मग काय करणार, चालले.

एकतीस, खांब, चौदा, तीन खाली, नऊ, जिना, बावीस वर, डावीकडे बारा, खिडकी. कुठं अडखळले नाही, कुणाला हात दिला नाही. खिडकीवर टकटक केलं आणि म्हटलं, पर्ची बनाइए. टाळ्या हो टाळ्या. सर म्हणाले, कमाल आहे, बहात्तर वर्षांच्या बाई, पहिल्यांदाच आल्यात, डोळे बांधलेत आणि कुणाच्या मदतीशिवाय वर पोचल्या, म्हणजे इमारत चांगली आहे म्हणायची. सुबोधबाबूंनी तर मला मातेसमान वगैरे ठरवलं. पट्टी काढताना मी डोळे चोळायचं नाटक केलं आणि पूर्वाचा खांदा धरून खाली आले. पोरीला वाटलं, आजी लाडात आलीय. गुरुवारी रात्री घरात माझा व्हिडिओ सगळ्यांनी दोनदा पाहिला. सुधीर म्हणाला, आई, तू तर जवान दिसतेस. मी खाष्टपणे म्हटलं, तुझं जेवण गार होतंय.

मी पास झाले असं मला वाटलं. गुपित वाचलं असं वाटलं. आणि काल मंगळवार आला.

काल मी नेहमीसारखी भजनाला गेले. दारातून आत, एक, दोन, तीन मोजत. अठराव्या पावलाला पाय कशावर तरी आदळला आणि मी पुढच्या पुढं त्याला मिठीच मारली. झेंडूची कुंडी. कमरेएवढी. इमारत आदर्श ठरणार म्हणून मोठे साहेब बघायला येणार होते, त्यांच्यासाठी त्या पिवळ्या दाण्यांच्या पट्टीवर, बरोबर पट्टीवरच, कुंड्या मांडल्या होत्या. शोभा आली असेल, मी मधलीच दोन फुलं पाहिली. पडले नाही. पण आकडा सुटला. वन्सं, आकडा सुटणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. अठरा का एकोणीस? खांब पुढं का मागं? त्या तीन पायऱ्या कुठं? चारी बाजूंनी चपला, बोलणं, पोरांचं रडणं, आणि मला वाटायला लागलं की माझ्या पायापुढं अर्ध्या हातावर जमीन संपलीय. एक पाऊल टाकवेना. मग चाचपडत, सरकत, त्या पायऱ्यांपाशी पोचले, पायानं कड लागली आणि तिथंच बसले. बसले ती तासभर. उठायचं धाडसच होईना. पदर तोंडाला लावून बसले होते, लोकांना वाटलं असेल दात काढलाय.

संग्राम सिंहनं ओळखलं. ओळखणारच, व्हिडिओ त्यानंही पाहिला होता. (एरवी मंगळवारच्या गर्दीत पदर घेतलेली एक म्हातारी, त्यानं मला कधी नीट पाहिलंच नव्हतं.) मोठ्यानं हसून सगळ्यांना सांगायला लागला, ये वही अम्मा हैं जो आँख बाँधके पूरी बिल्डिंग घूम गईं. आज तो आँख खुली है अम्मा, आज काहे बैठी हैं? चार जण जमले. एकानं रुमाल काढला, म्हणे पुन्हा करून दाखवा. मी म्हटलं, मला दिसत नाहीये. सगळे हसले. वन्सं, मी खरं बोलले आणि लोक हसले. तुमच्या भावाच्या शपथेवर सांगते, एवढी भीती मला छावणीतल्या त्या पत्र्याखालीही वाटली नव्हती. हाक मारायची आणि ती चेष्टा वाटायची, यापुढं माणसानं काय करायचं?

ते पांगले. आणि मग मला टकटक ऐकू आली. माझ्या त्या भोकातून पाहिलं तर एक माणूस, चाळिशीचा, पांढरी काठी, पिवळ्या पट्टीवरून सरळ चालत येतोय, थेट कुंडीवर. मी ओरडले, भैया, रुकिए. तो जागच्या जागी थांबला, काठीनं कुंडी ठोकून पाहिली, वळसा घातला आणि माझ्या आवाजावर चालत येऊन शेजारी पायरीवर बसला. अभिराम तिवारी नाव. तिथंच वरच्या कचेरीत टेलिफोनवर बसतो, इमारत उघडली तेव्हापासून. मी म्हटलं, या पायऱ्या फार वाईट. तो म्हणाला, यहीं गिरा था अम्मा, पिछले साल, कलाई टूट गई थी. मग त्यानं सांगितलं की मनगट मोडल्यापासून तो इथं कठडा लावा, पायरीला पिवळी कड लावा म्हणून अर्जांवर अर्ज करत होता. दिवाळीआधी मंजूर झालं होतं, लोहारानं येऊन मापही नेलं होतं. आणि या सोमवारी ते रद्द झालं. सरकारी कचेरीत एक काम व्हायला दीड वर्ष लागतं, रद्द व्हायला चार दिवस.

मी विचारलं, रद्द का?

"कोई बुज़ुर्ग महिला आँख बाँधके चल गईं यहाँ से," तो म्हणाला. "बाबूजी बोले, वो चल लीं तो तुम भी चल लोगे."

मी पदर पुन्हा तोंडाला लावला. त्यानं कान माझ्याकडे वळवला. मग त्यानं अगदी हळू विचारलं.

"आपको दिखता है, अम्मा?"

"आधा," मी म्हटलं.

डॉक्टर सोडून कुठल्याही माणसाला मी हे सांगितलं आणि तो हसला नाही, असं पहिल्यांदाच झालं. म्हणाला, आधा बहुत होता है, सँभालकर रखिए. मग त्यानं मला जिन्यापर्यंत नेलं. त्यानं मला, बरं का. माझा हात त्याच्या कोपराच्या वर ठेवायला सांगितला आणि स्वतः अर्धं पाऊल पुढं चालला. धरलं नाही, ओढलं नाही, उचलायची तर भाषाच नाही. मी त्याला सांगितलं नाही की ती बुज़ुर्ग महिला मीच. एवढं धाडस मला झालं नाही. इथं ओळी एकमेकींवर चढल्यात, नयनाला अक्षर लागत नसेल तर तिनं अंदाजानं वाचावं, या एका जागी माफ आहे.

वर डॉक्टरीणबाई. तरुण पोर आहे, लाडीगोडी करत नाही, म्हणून मला आवडते. म्हणाली, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली राखायची तर ऑपरेशन पाहिजे, मंगळवारी, दोन डिसेंबरला. आणि घरचं माणूस सोबत आल्याशिवाय मी हात लावणार नाही. हे ती मला ऑगस्टपासून सांगतेय. काल म्हणाली, अम्मा, आता पुढची तारीख देणार नाही, कारण पुढच्या तारखेपर्यंत राखायला काही उरणार नाही.

तर असं आहे. दोन तारखेला ऑपरेशन आणि एक तारखेला पूर्वानं अहवाल कॉलेजात द्यायचा, त्यात माझा व्हिडिओ, आणि खाली लिहिलंय की सदर इमारत अंध व्यक्तींस वापरण्यास योग्य. तो एकदा शिक्का बसून बाबूंच्या फायलीत गेला की अभिरामचा कठडा संपला. काल संध्याकाळी मी पूर्वाच्या खोलीत गेले. म्हटलं, बाळ, तो अहवाल खोटा आहे. तिनं कानातली गाण्याची बोंडं काढली आणि रागावली, म्हणाली आजी, चली तो आप ही थीं. मी तोंड उघडलं. त्यात तीन शब्द होते, मला दिसत नाही, आणि ते बाहेर येईनात. शेवटी मी तिला म्हटलं, पंखा बंद कर, थंडी आहे. आणि परत आले.

का येईनात, ते मी रात्रभर शोधलं आणि ते मला तुमच्या स्वयंपाकघरात सापडलं. बारा वर्षांपूर्वी तुमची नजर गेली तेव्हा मी महिनाभर कोरेगावला आले होते. मदतीला. सगळे म्हणाले, माणिक कामाची आहे. आल्याआल्या मी विळी माळ्यावर टाकली, काडेपेटी माझ्या कमरेला खोचली, तवा उचलला. तुम्ही परातीत पीठ घेतलं होतंत, मी तुमचे दोन्ही हात धरून पिठातून बाहेर काढले, पुसले आणि सगळ्यांदेखत म्हटलं, वन्सं, आता तुम्ही बसा. तुम्ही बसलात. ओसरीवरच्या खुर्चीत, दोन वर्षं. मला ते पुण्य वाटलं होतं. आता मला ठाऊक आहे की मी ज्या दिवशी घरात तोंड उघडेन, त्या दिवशी गीता, चांगल्या मनानं, अगदी चांगल्या मनानं, माझे हात पिठातून बाहेर काढून पुसेल. सुधीर खुर्ची आणेल, मऊ गादीची. मला आंधळेपणाची भीती वाटतेच, पण त्या खुर्चीची जास्त वाटते.

मी कुणाची माफी मागत नाही, ते तुम्हाला माहीत आहे. पण विळी माळ्यावर टाकायला नको होती.

बाकी सर्व ठीक. नयनाला आशीर्वाद, तुमच्या लेकाला आशीर्वाद, म्हशीला पेंड. थंडीत कान बांधत जा.

तुमची भावजय,
माणिक

ता. क. वर लिहिलंय तेवढी काही मी घाबरलेली नाही. काल घाबरले होते, आज दुपारी वरण-भात जेवून बरी आहे. नयनानं रडका आवाज काढून वाचलं असेल तर तिला सांगा, पुन्हा एकदा साध्या आवाजात वाच.

दुसरा ता. क. हे मात्र काम आहे. रविवारी, तीस तारखेला, सकाळी दहाला सुधीरला फोन करा. सगळे घरात असतात, तो फोन टेबलावर ठेवेल, मी शेजारीच उभी असेन. त्याला तुम्ही सांगा. मला दिसत नाही हे सांगा, मंगळवारची सुट्टी काढ म्हणावं, आणि पूर्वाला म्हणावं की आजी ती इमारत तीन महिने मोजत होती, अहवालात तसं लिही आणि कठडा परत माग. मी सांगितलं तर ते घाबरतील आणि खुर्ची आणायला धावतील. तुम्ही सांगितलंत तर त्यांच्या कानावर पडेल की डोळे गेलेलं माणूस कसं बोलतं. म्हणून मऊ बोलू नका. सुधीरला नेहमीसारखं फैलावर घ्या, जमल्यास गीतालाही. आणि फोन ठेवताना एवढं सांगा की माणिकला बसा म्हणायचं नाही.

तिसरा ता. क. दोन वर्षांनी मी परत कोरेगावला आले तेव्हा तुम्ही चुलीपुढं भाकरी थापत होतात. मी म्हटलं होतं, मीठ जास्त झालंय. झालं नव्हतं. खुर्चीतून चुलीपर्यंत तुम्ही परत कशा गेलात, कुणाशी भांडलात, विळी कुणी काढून दिली, तव्यावरची भाकरी उलटायची वेळ झाली हे न बघता कसं कळतं, वास येतो का आवाज, आणि हात भाजतो तो किती दिवस, हे मी तेव्हा विचारलं नाही. आता विचारते. फोनवर नको, सगळे ऐकतात. नयनाला सांगून लिहून पाठवा, एकेक गोष्ट, सगळं. अक्षर मोठं काढायला सांगा, आणि लवकर टाका. अजून मला वाचता येतंय.